पाण्याच्या पडद्यामागचा महाल

बोरी नदी दुथडी भरून वाहू लागली की नळदुर्गच्या किल्ल्यात जे घडते, ते नुसते ऐकून कोणाला पटत नाही. किल्ल्यातल्या दगडी बंधाऱ्यावरून पाण्याचे दोन प्रचंड लोट खाली कोसळतात. त्याच बंधाऱ्याच्या पोटात एक महाल आहे. महालाच्या कमानदार खिडकीशी उभे राहिले की समोर कोसळते पाणी, पाठीशी दगडी भिंत आणि त्या भिंतीपलीकडे तुंबलेले अख्खे तळे. एवढ्या पाण्याच्या मधोमध माणूस कोरडा उभा असतो. ही करामत १६१३ सालची आहे. विजेचा पंप नाही, सिमेंट नाही, लोखंडी सळई नाही. आहे तो काळा दगड, चुना आणि पाण्याचा स्वभाव ओळखणारी माणसे.

नळदुर्ग हे धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातले लहानसे शहर. सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर बोरीच्या काठी वसलेले. बीड जिल्ह्यातल्या आपल्या नांदूरघाटहून केज, कळंब, धाराशिव, तुळजापूर असे करत तिथे पोहोचता येते. या वाटेवर एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. केज तालुक्यात पडलेला पाऊस मांजरेला मिळतो आणि मांजरा गोदावरीला. नळदुर्गात पडलेला पाऊस बोरीतून भीमेत आणि भीमेतून कृष्णेत जातो. म्हणजे एका दिवसाच्या प्रवासात आपण दोन महानद्यांच्या खोऱ्यांमधली सीमा ओलांडतो आणि ती सीमा म्हणजे आपला रोजच्या पाहण्यातला बालाघाटचा डोंगर.

चारशे वर्षांपूर्वी या मुलखात राज्यांच्या सीमाही अशाच एकमेकींना भिडलेल्या होत्या. अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही आणि गोवळकोंड्याची कुतुबशाही यांच्या ओढाताणीत परंडा, सोलापूर आणि नळदुर्ग हे किल्ले नेहमी तोफेच्या तोंडी असत. किल्ल्याचे मूळ त्याहून जुने आहे. लोककथा ते थेट नळ राजापर्यंत नेते. कल्याणीच्या चालुक्यांशी आणि पुढे बहमनींशीही त्याचे नाते सांगितले जाते. आदिलशाहीत पहिल्या अली आदिलशहाच्या काळात, १५६०च्या सुमारास, किल्ल्याची मोठी बांधणी झाली आणि त्याला शाहदुर्ग असे नाव मिळाले.

१५८० साली अली आदिलशहा मारला गेला आणि त्याचा पुतण्या दुसरा इब्राहिम गादीवर आला. तो तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांचा होता आणि कारभार चुलती चांदबीबीकडे होता. शेजाऱ्यांनी संधी साधली. अहमदनगर आणि गोवळकोंडा यांच्या फौजांनी मिळून नळदुर्गला वेढा घातला, पण किल्ला पडला नाही. तोच पोरसवदा राजा मोठा झाला, संगीतात रमला, दखनी भाषेत पदे रचून त्याने ‘किताब-ए-नवरस’ लिहिली. आपल्या पदांत सरस्वतीला आणि गणपतीला वंदन करणारा हा सुलतान प्रजेत जगद्गुरू बादशहा म्हणून ओळखला गेला. नळदुर्गचा बंधारा आणि त्यातला पाणीमहाल त्याच्याच कारकिर्दीत उभा राहिला. बांधणारा मीर इमादीन.

या बंधाऱ्याचे पहिले काम लढाईचे होते, हे आधी लक्षात घ्यायला हवे. शेजारून वाहणारी बोरी वळवून किल्ल्याच्या कुशीत आणली गेली. नदीच्या एका अंगाला मुख्य किल्ला, दुसऱ्या अंगाला रणमंडळ नावाचा जोडकिल्ला आणि दोघांना सांधणारा हा बंधारा. तळे तटाच्या आत अडल्यामुळे वेढा कितीही लांबला तरी शिबंदीला पाण्याची चिंता नाही. उरलेल्या बाजूंनी खोल पात्रच खंदकाचे काम करी. बंधारा फोडू पाहणाऱ्या शत्रूला दोन्हीकडच्या बुरुजांच्या माऱ्यात यावे लागे. आणि एका किल्ल्यातून दुसऱ्यात जायची वाट बंधाऱ्याच्या माथ्यावरूनच. भिंत एक आणि कामे चार.

आता त्या भिंतीकडे जरा जवळून पाहू. बंधाऱ्याची लांबी पावणेदोनशे मीटरच्या आसपास आणि उंची वीस मीटरच्या घरात आहे. अडवलेले पाणी भिंतीला किती जोराने रेटते? तळे किती दूरवर पसरले आहे, याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. रेटा ठरतो तो फक्त पाण्याच्या खोलीवर. मैलभर पसरलेले दहा मीटर खोल पाणी आणि चार पावलांचे दहा मीटर खोल पाणी, दोघांचा दाब सारखाच: तळाशी दर चौरस मीटरला दहा टन. खोली दुप्पट झाली की भिंतीवरचा एकूण रेटा चौपट होतो. वीस मीटर खोल पाणी अडवायचे तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे दोनशे टनांचा जोर येतो. एवढा जोर झेलायला भिंतीकडे एकच शस्त्र असते, तिचे स्वतःचे वजन. आपला काळा दगड पाण्याच्या पावणेतीन पटींहून जड. म्हणून भिंत जितकी भरीव आणि रुंद, तितकी ती निर्धास्त.

अशा भिंतीत सहसा कोणी पोकळी ठेवत नाही. मीर इमादीनने ठेवली. बंधाऱ्याच्या माथ्यावरून आत पायऱ्या उतरतात, मजले लागतात, कमानी लागतात आणि मग तो नक्षीदार महाल येतो. त्याच्या खिडक्या पाणी पडते त्या बाजूला उघडतात. वरच्या दगडांचा भार कमानी दोन्ही बाजूंना वाटून देतात, त्यामुळे पोकळी असूनही भिंतीचा तोल ढळत नाही. कुठे दगड भरायचा आणि कुठे मोकळी जागा सोडायची, हा हिशोब त्या माणसाने कोणत्या कागदावर केला असेल, कोण जाणे. हिशोब बरोबर होता याचा दाखला मात्र चारशेहून अधिक पावसाळे देत आले आहेत.

दुसरे कोडे पाण्याच्या पडद्याचे. बंधारा भरला की जादा पाणी दोन सांडव्यांवाटे सुटते. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. या पाण्याने खिडकीत शिरायला हवे, पण ते शिरत नाही. तांब्यातून पाणी अगदी हळू ओतले की ते तांब्याच्या अंगावरूनच ओघळते. झटक्यात ओतले की काठ सोडून पुढे झेपावते आणि कमान घेत खाली पडते. सांडव्यावरही तेच होते. जोरात आलेले पाणी काठ सोडताना पुढे उसळते, भिंतीपासून दूर पडते आणि भिंत व धार यांच्यामध्ये एक पोकळ पट्टा उरतो. खिडक्या त्या पट्ट्यात उघडतात. हवेत तुषार असतात, कानठळ्या बसवणारा आवाज असतो, पाण्यातून गाळून आलेला हिरवट उजेड असतो, पण पाणी आत येत नाही.

हे कशासाठी? किल्ल्याला बंधारा हवा होता, बंधाऱ्याला सांडवा हवाच होता. महालाची मात्र कोणालाच गरज नव्हती. या प्रश्नाचे उत्तर मला आपल्या मुलखाच्या पावसात दिसते.

ते नीट दिसावे म्हणून तुलनेला जर्मनीतले एक गाव घेऊ. बव्हेरियात आल्प्सच्या पायथ्याशी श्वानगाऊ नावाची छोटी वस्ती आहे. शेजारी आल्पझे हे निळेशार सरोवर आणि डोंगरांवर दोन राजवाडे. एक होहेनश्वानगाऊ आणि दुसरा जगप्रसिद्ध नॉयश्वानस्टाइन. दुसऱ्याची पायाभरणी राजा दुसरा लुडविग याने १८६९ साली केली. तो दिसतो मध्ययुगीन गढीसारखा, पण त्याच्या आत पोलाद आहे, गरम हवेने खोल्या उबदार ठेवण्याची सोय आहे आणि नळाचे पाणी आहे. लढाईशी त्याचा काही संबंध नाही. तो एका एकाकी राजाच्या स्वप्नांसाठी बांधला गेला. १३ जून १८८६ रोजी लुडविगचा श्टार्नबेर्ग सरोवरात मृत्यू झाला आणि काही आठवड्यांतच तो अपुरा राजवाडा तिकीट लावून लोकांना खुला झाला. आज वर्षाला दहा लाखांहून अधिक माणसे तो पाहायला जातात.

तिथले सरोवर निसर्गाने दिलेले आहे आणि बारा महिने भरलेले आहे. राजाने फक्त ते दिसेल अशी जागा निवडली. आपल्याकडे पावसाचे चारच महिने, वर्षाला सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर, आणि तेही पडले तर. याच मराठवाड्यात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण तेव्हा कोरडे पडले होते. ज्या मुलखात पाणी असे रुसते, तिथे भरून वाहणारा सांडवा हाच सगळ्यात मोठा उत्सव असतो. आजही तळे भरले की बायाबापड्या ओटी घेऊन जलपूजनाला निघतात, पोरेटोरे सांडव्यावर जमतात. पाणीमहाल हा त्याच आनंदाला दिलेला दगडी आकार आहे, असे मला वाटते. नॉयश्वानस्टाइन कोणत्याही दिवशी पाहिला तरी तो पूर्ण दिसतो. पाणीमहाल पूर्ण होतो तो पाऊस चांगला झाला तरच. ज्याला दुष्काळ ठाऊक आहे, त्यालाच ओसंडणाऱ्या पाण्यासाठी महाल बांधावासा वाटतो.

आणि हा एकट्या नळदुर्गचा चमत्कार नाही. बीडजवळची खजाना विहीर निजामशाहीत १५८२ साली बांधली गेली. भुयारी मार्गाने तिचे पाणी कोणत्याही यंत्राशिवाय शेतांपर्यंत पोहोचत आले आहे. खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरने जमिनीखालून नहर आणली, तीही सतराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतली. पन्नास वर्षांच्या आत एकमेकांशी लढणाऱ्या राज्यांत ही तीन कामे झाली. पाण्याचे हे शास्त्र कोण्या एका दरबाराचे नव्हते, ते या दख्खनच्या मातीचे होते.

विजापूर १६८६ साली औरंगजेबाच्या हाती पडले. नळदुर्ग मोगलांकडे आणि पुढे हैदराबादच्या निजामाकडे गेले. १८५३च्या तहाने निजामाने काही मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, त्यात नळदुर्गही होते. तिथला अधिकारी म्हणून आला तो फिलिप मेडोज टेलर. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीने तो आधीच गाजला होता. तुळजापूरच्या परिसरात घडणारी त्याची ‘तारा’ ही कादंबरी पुढे १८६३ साली आली. आपल्या आत्मचरित्रातही त्याने नळदुर्गविषयी लिहिले आहे. १८६० साली हा मुलूख निजामाला परत मिळाला. तेव्हा जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गलाच होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते धाराशिवला हलले आणि नळदुर्ग पुन्हा आपल्या नदीकाठी शांत झाले.

ती शांतता १३ सप्टेंबर १९४८च्या पहाटे मोडली. हैदराबाद संस्थानावरची पोलीस कारवाई सुरू झाली आणि सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेची पहिली मोठी झुंज नळदुर्गलाच झाली. सगळे अवलंबून होते बोरीवरच्या पुलावर. निजामी फौजेने तो उडवला असता तर पुढची वाट अडली असती. सातव्या ब्रिगेडने वेगाने झडप घालून पूल धडधाकट ताब्यात घेतला आणि मग शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनने नळदुर्गच्या ठाण्यावर चाल केली. पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली. दरवर्षी आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी झेंडा फडकवतो, त्या पाच दिवसांची सुरुवात बोरीकाठी झाली होती.

आजही किल्ल्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. उंच उपळी बुरुज आणि त्यावरच्या लांबलचक तोफा, कमळाच्या पाकळ्यांसारखा नऊ अंगांनी फुललेला नवबुरुज, शंभरावर बुरुज बाळगणारा तट. शहराचे लोकजीवनही नदीशी बांधलेले आहे. नळदुर्गच्या बोरीकाठच्या मैलारपूर भागातला खंडोबा वर्षातले पावणेदोन महिने इथे असतो आणि उरलेले महिने शेजारच्या अणदूरला. मूर्ती एकच, गावे दोन. पौष पौर्णिमेच्या यात्रेला सारा परिसर भंडाऱ्याने पिवळा होतो.

जुलै २०२५ मध्ये पॅरिसला भरलेल्या युनेस्कोच्या एकाच अधिवेशनात लुडविगचे राजवाडे आणि मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. त्या १२ किल्ल्यांची निवड मराठ्यांच्या लष्करी रचनेभोवती बेतलेली होती, म्हणून आदिलशाही नळदुर्ग तिच्यात नाही. आपल्या शाळांच्या सहलींच्या यादीत मात्र तो पहिल्या पानावर असायला हवा. विज्ञानाच्या पुस्तकात पाण्याच्या दाबाचा धडा असतो, इतिहासाच्या पुस्तकात आदिलशाहीचा आणि भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यछायेचा. हे तिन्ही धडे एकाच भिंतीत शिकवणारी जागा आपल्यापासून काही तासांच्या वाटेवर आहे. ज्या वर्षी पाऊस मनासारखा होईल, त्या वर्षी मुलांना घेऊन तिथे जरूर जावे. एवढे पाणी अंगावर कोसळत असताना आपण भिजत कसे नाही, हे त्यांना आधी त्यांचेच शोधू द्यावे.