ताप यायलाही जागा हवी

गेल्या जानेवारीत खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सकाळीच बेल वाजवली. हातात कपडे भिजवायचा निळा टब. "जरा बघ गं, जिवंत आहे की गेलंय?" टबात दोन बोटं गढूळ पाणी, फुगलेली भाताची शितं आणि तळहाताएवढं कासव. नातवासाठी आणलं तेव्हा दहाच्या नाण्याहून जरासं मोठं होतं म्हणे. नातू शिकायला बंगळुरूला गेला, कासव गॅलरीत राहिलं. पापण्या सुजून वाटाण्यासारख्या झालेल्या, डोळे बंद. पाठीची कड अंगठ्यानं दाबली तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली. मागचा पाय चिमटीत धरला तेव्हा तो सावकाश, अगदी नाइलाजानं आत ओढला गेला. जिवंत होतं.

कुत्रा दोन दिवस जेवला नाही तर घर डोक्यावर घेतलं जातं. कासवाचं तसं होत नाही. आपण खाल्लेल्यातला मोठा हिस्सा शरीर ऊबदार ठेवण्यात जातो; सरपटणाऱ्या प्राण्यांना तो खर्चच नाही. ऊब ते बाहेरून घेतात, त्यामुळे थोडक्यात भागतं आणि हाल महिनोन्महिने दडून राहतात. "परवापर्यंत तर बरं होतं," असं काकू म्हणाल्या. त्यांना तसं वाटणं साहजिक होतं.

डोळ्यामागे लाल पट्टा होता, म्हणजे हे अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं रेड-इअर्ड स्लायडर. मत्स्यालयांच्या दुकानांतून जगभर पोचलेलं. (नावात कान असला तरी कासवाला बाहेरून दिसणारा कान नसतो.)

आम्ही कासव घेऊन पशुवैद्यांकडे गेलो तेव्हा काकूंनी सुकवलेल्या कोळंबीचा डबा सोबत घेतला होता. पशुवैद्यांनी तो बाजूला सारला. "आज खायला काही नाही. आधी ऊब, मग पाणी, जेवण सगळ्यात शेवटी." गार शरीरात आतडी जवळपास थांबलेली असतात, पोटात गेलेलं पचत नाही, कुजतं. आणि फार दिवसांच्या उपाशी जिवाला एकदम भरपेट घातलं तर रक्तातले क्षार कोसळून तो दगावू शकतो. म्हणून पहिले दोन दिवस फक्त हळूहळू वाढवलेली ऊब आणि कोमट पाण्यात बसवणं.

ऊब हे इथे औषधच असतं. १९७०च्या दशकात अमेरिकेत मॅथ्यू क्लूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेझर्ट इग्वाना या वाळवंटी सरड्यांवर प्रयोग केले. पेटीचं एक टोक गरम, दुसरं गार ठेवलं. जंतू टोचलेले सरडे नेहमीपेक्षा जास्त उष्ण जागा धरून बसले आणि अंगाचं तापमान सुमारे दोन अंशांनी चढवून घेतलं. आपल्याला ताप येतो, सरडा तापाकडे चालत जातो! मग त्यांनी आजारी सरड्यांना वेगवेगळ्या ठरावीक तापमानांत कोंडलं. ४२ अंशांतले बरेचसे वाचले, ३४ अंशांतले जवळपास सगळे मेले. या प्रयोगाचा निबंध १९७५मध्ये 'सायन्स'मध्ये आला. पुढे काही कासवांमध्येही असं वागणं दिसलं.

आता तो निळा टब आठवा. इकडून तिकडे सारखंच गार पाणी आणि चढायला घसरड्या भिंती. पुण्यातल्या जानेवारीच्या रात्री गॅलरीतलं पाणी १५ अंशांखाली सहज जातं. उपाशी ठेवण्याइतकीच ही उपेक्षा वाईट, पण ती कुणाच्या लक्षात येत नाही. त्या कासवाला आजारी पडायची मुभा होती, ताप यायची नव्हती.

सुजलेल्या डोळ्यांत काकू गुलाबपाणी घालत होत्या. मूळ दुखणं 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं होतं. हे जीवनसत्त्व नसलं की डोळ्यांच्या ग्रंथींचं ओलसर अस्तर कोरडं, जाड होतं, नलिका तुंबतात आणि त्यात जंतू वाढतात. दिसत नाही म्हणून खात नाही, खात नाही म्हणून जीवनसत्त्व मिळत नाही. तरी त्याचा डोस मोजून द्यावा लागतो. जास्त झाला तर कातडी सोलवटून निघते. प्रतिजैविकाचं इंजेक्शन पुढच्या पायात दिलं, कारण मागच्या अंगाचं रक्त मूत्रपिंडांमधून जाऊ शकतं आणि औषध वाटेतच गळू शकतं. पुढची सुई तीन दिवसांनी. जिथे सगळंच सावकाश चालतं, तिथे औषधही सावकाशच उतरतं.

कवच ही या जिवाने अंगावर चढवलेली ढाल नव्हे. त्याच्या फासळ्या आणि कणाच त्यात मिसळलेला असतो. अन्नात कॅल्शियम नसेल तर शरीर ते हाडांतून काढून रक्तात भरतं, आणि कवच मऊ पडतं. कॅल्शियम आतड्यांतून उचलायला 'ड' जीवनसत्त्व हवं, आणि ते कातडीत तयार व्हायला उन्हातले अतिनील-बी किरण. "पण गॅलरीत रोज ऊन यायचं की!" काकू म्हणाल्या. यायचं, पण सरकत्या काचेतून. काच ऊब आत सोडते आणि नेमके हे किरण अडवते.

आपल्या संतवाङ्मयात कासवी नुसत्या नजरेनं पिलांना पोसते. कल्पना सुंदर आहे. खरी कासवी मात्र अंडी पुरून निघून जाते आणि पिलं पहिल्या दिवसापासून आपलं आपण बघतात. काकूंच्या गॅलरीत नजर होती, बाकी काही नव्हतं.

पंधरवड्यानंतर एक डोळा किलकिला झाला. मोठी काचेची टाकी आली, पाणी खोल झालं, कारण डोकं पाण्यात असल्याशिवाय या कासवाला घास गिळताच येत नाही. त्यात एक वीट, विटेवर उबेचा दिवा, शेजारी अतिनील नळी. पहिला घास बारीक चिरलेल्या माशाचा, मग शेवग्याचा पाला. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन आणि नंतर साबणानं हात धुणं. ते टाळायचं नाही. साल्मोनेलाच्या भीतीनं अमेरिकेनं १९७५मध्ये चार इंचांहून लहान कवचाची कासवं विकायला बंदी घातली.

"बरं झालं की तळ्यात सोडू, पुण्य लागेल," असं काकू म्हणाल्या तेव्हा मात्र मी जरा चिडूनच बोलले. जगातल्या १०० सर्वांत घातक उपऱ्या प्रजातींच्या यादीत हे कासव आहे. ते आपल्या कासवांची उन्हाची जागा आणि खाणं बळकावतं, आजार देतं. गंमत अशी, की कवचावर चांदण्या असलेलं आपलं स्टार कासव घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा; ते सापडलं तर वनखात्याकडे द्यायचं. आणि हे परदेशी कासव बाहेर सोडायचं नाही. ते २०-३० वर्षं सहज जगतं. काकूंनी मनातल्या मनात आपलं वय त्यात मिळवलं असावं, कारण त्या बराच वेळ गप्प होत्या.

मार्चमध्ये त्यांच्या दाराबाहेर उन्हात बसवायची पेटी दिसली, अर्धी जाळीची, अर्धी सावलीची. कासव विटेवर मागचे पाय ताणून, बोटं फाकवून पसरलं होतं. कवचाची कड अजून खडबडीत आहे, ती तशीच राहणार. निळा टब पुन्हा कपड्यांना लागला. रविवारी नातवाचा व्हिडिओ कॉल आला की तो आधी कासव दाखव म्हणतो. काकू म्हणतात, "थांब जरा, ते उन्हात बसलंय."