जाळे न विणणारा कोळी

कोळी म्हटला की दोन चित्रे डोळ्यांपुढे येतात. एक समुद्रावरचा, दुसरा माळ्याच्या कोपऱ्यातला. जाळे मात्र दोघांचेही. आज आम्ही ज्याच्याविषयी सांगणार आहोत, तो कोळी जाळे विणीतच नाही. तो जमिनीत बीळ खणतो आणि त्याला दार बसवितो.

साष्टी हे बेट आहे, याचा पूल झाल्यापासून आपल्याला विसर पडला आहे. या बेटावरील रानांत इडिओप्स नावाच्या प्रजातीतील हे कोळी राहतात. एका जातीच्या शास्त्रीय नावात तर मुंबईच आहे: इडिओप्स बॉम्बेएन्सिस. पोकॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने 1900 साली भारतीय कोळ्यांवर ग्रंथ लिहिला. पुढे टिकादर यांनी 1977 साली या गटातील काही जातींचे वर्णन केले. एरवी त्यांच्याकडे फारसे कोणी फिरकले नाही.

बिळाला आतून रेशमाचे अस्तर असते. माती आणि रेशीम यांचे झाकण एका बाजूस बिजागरीसारखे जोडलेले असते आणि त्यावर आजूबाजूचीच माती, शेवाळ असते. म्हणून शेजारी बसूनही ते दिसत नाही. रात्री मादी झाकण किंचित उचलून बसते. किड्याच्या पावलांचा कंप जाणवला की झडप घालते, आणि दार बंद! शत्रू आला तर तेच दार ती आतून घट्ट ओढून धरते.

मादी आपले बीळ सहसा सोडीत नाही. नर तेवढा तिच्या शोधात बाहेर पडतो. पुष्कळ जातींची पिलेही आईच्या आसपासच बिळे करतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात अशा एका मादीवर 1974 पासून नजर ठेवली होती. ती 43 वर्षे जगून 2016 साली मेली. आपल्याकडील जाती इतक्या जगतातच असे नव्हे, परंतु उतार खणला गेला तर त्यावरची सारी वस्तीच जाते, हे मात्र सर्वत्र खरे.

साष्टीच्या वायव्य टोकास डोंगरी आहे. तेथील डोंगरावर मेट्रोच्या कारशेडसाठी हजारो झाडे तोडण्याच्या प्रस्तावाला 2025 साली रहिवाशांनी विरोध केला. झाडे मोजता येतात, त्यांवर क्रमांक घालता येतात. बिळे शोधावयाची तर बॅटरी घेऊन, रात्री, गुडघे टेकून उतार हातभर हातभर पाहावा लागतो.