बोलायचं, पण मत द्यायचं नाही

अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा ओहायो नदीपलीकडचा मुलूख, म्हणजे वायव्य प्रदेश, अजून कोणतंही राज्य नव्हता. तिथल्या वसाहतकऱ्यांना कारभारात वाटा कधी आणि किती द्यायचा, हे काँग्रेसने १७८७च्या नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्समध्ये ठरवून टाकलं.

सुरुवातीला निवडणूकच नाही. गव्हर्नर, सचिव आणि तीन न्यायाधीश, सगळे वरून नेमलेले. कायदेही जुन्या राज्यांचेच उचलायचे. स्वतंत्र प्रौढ पुरुषांची संख्या पाच हजार झाली की विधानसभा. पण मत द्यायला पन्नास एकर जमीन हवी, उमेदवारीला दोनशे. वरिष्ठ सभागृहासाठी पाचशे एकरवाल्या दहा जणांची नावं विधानसभेने सुचवायची आणि त्यांतले पाच वरून निवडले जायचे. एवढं करून गव्हर्नरचा नकाराधिकार अबाधित! शॉनी, मायामी वगैरे मूळ रहिवाशांना, ज्यांच्या जमिनीवर हे चाललं होतं, या गणितात जागाच नव्हती.

दोन्ही सभागृहांनी मिळून काँग्रेसमध्ये एक प्रतिनिधी पाठवायचा. त्याने चर्चेत बोलावं, मत देऊ नये. यात एक गंमत झाली. १७८७ साली काँग्रेसला एकच सभागृह होतं, नव्या राज्यघटनेने दोन केली. याच नियमांखालच्या नैर्ऋत्य प्रदेशातून १७९४ साली जेम्स व्हाइट आले, तेव्हा त्यांना बसवायचं कुठे यावर वाद झाला. अखेर प्रतिनिधिगृहात जागा मिळाली. ते सदस्य नाहीत म्हणून शपथ नको, मानधन मात्र सदस्यांइतकंच.

मत नसलेला माणूस काय करणार? १७९९ साली विल्यम हेन्री हॅरिसन गव्हर्नरच्या मुलाला ११ विरुद्ध १० मतांनी हरवून वायव्य प्रदेशाचे प्रतिनिधी झाले. सरकारी जमीन किमान ६४० एकर घ्यावी लागे, ती गरिबाच्या आवाक्याबाहेरची. हॅरिसन यांनी पुढाकार घेतलेल्या १८००च्या कायद्याने ती मर्यादा ३२० एकरांवर आली आणि पैसे चार वर्षांत फेडायची सोय झाली. म्हणजे बोलण्याच्या हक्कालाही वजन होतं.

साठ हजार स्वतंत्र रहिवासी झाले की राज्याचा दर्जा मिळायचा. १८००च्या जनगणनेत या प्रदेशाच्या पूर्व भागात, म्हणजे ओहायोत, पंचेचाळीस हजारांच्या आसपासच लोक भरले, तरी काँग्रेसने अट सैल केली आणि १८०३ साली ओहायो राज्य झालं. पश्चिमेकडचा भाग मात्र १८०० सालीच तोडून इंडियाना प्रदेश केला होता. तिथली माणसं पुन्हा पहिल्या पायरीवर, विधानसभेविना. त्यांच्यावर नेमलेले गव्हर्नर होते हॅरिसनच.