पाचटाचा धूर आणि लहान मुलांची छाती

ऊसतोडणीचा हंगाम आणि थंडी ही आपल्याकडे एकाच वेळी सुरू होतात. तोड पुढे सरकली की मागे राहिलेल्या पाचटास काडी लावण्याचा प्रघात अनेक गावांत अद्यापि चालू आहे. हिवाळ्यात सायंकाळी जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड व जड होते आणि वरच्या उबदार थरामुळे धुरास वर जाण्यास वाट मिळत नाही. तो गावावर व वस्तीवर रात्रभर पसरून राहतो. याच दिवसांत दवाखान्यात खोकल्याने व धापेने बेजार झालेली मुले अधिक दिसतात. हा केवळ थंडीचा परिणाम, असे समजणे बरोबर नाही.

धूर आणि दवाखाना यांचा संबंध कसा ताडून पाहावा, याचे एक उत्तम उदाहरण अमेरिकेतील युटा खोऱ्यात घडले. डोंगरांनी वेढलेल्या त्या खोऱ्यातील पोलादाचा कारखाना 1986 च्या ऑगस्टपासून 1987 च्या सप्टेंबरपर्यंत बंद होता. आर्डेन पोप या अर्थशास्त्रज्ञाने कारखाना चालू असतानाच्या व बंद असतानाच्या काळातील रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या व 1989 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत हवेतील धूलिकण जवळजवळ दुप्पट होते, आणि श्वसनविकारांसाठी रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांची संख्या बंद काळातील हिवाळ्याच्या दुप्पट ते तिप्पट होती. धूलिकण अतिशय वाढलेल्या महिन्यांत मोठ्या माणसांचे दाखले 44 टक्क्यांनी वाढले, तर मुलांचे जवळजवळ तिप्पट झाले. थंडी दोन्ही वेळी होतीच. फरक धुराचा होता.

पोलादाच्या कारखान्याचा धूर व पाचटाचा धूर एकच नव्हेत, हे खरे. परंतु दोहोंतही अत्यंत सूक्ष्म कण असतात. 2.5 मायक्रॉनांहून लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही बारीक, नाकात अडकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. मूल मोठ्या माणसापेक्षा जलद श्वास घेते, त्यामुळे वजनाच्या मानाने त्याच्या पोटात जाणारा धूर अधिक असतो. शिवाय त्याच्या श्वासनलिका अरुंद असल्याने थोड्या सुजेनेही त्या चोंदतात.

सर्वांत अधिक झळ पोहोचते ती तोडणी मजुरांच्या मुलांना. त्यांची कोपी फडाच्या आसपासच असते, दारात तीन दगडांची चूल असते, आणि मूल दिवसभर फडाच्या कडेला असते. मूल आजारी पडले की आई दवाखान्यात जाते आणि कोयता मोडतो. कारण कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, एकाच्या हाताने तो चालत नाही. त्या दिवसाची मजुरी बुडते व औषधाचा खर्च निराळाच. बागायतदाराच्या हिशेबात ही रक्कम कोठेच दिसत नाही.

शेतकरी बंधू पाचट का जाळतात? सरीत पाणी अडते, उंदीर होतात, खोडव्याची मशागत करता येत नाही, अशी कारणे सांगितली जातात. ती अगदीच खोटी नाहीत, पण त्यांवर उपाय आहे. हेक्टरी सुमारे 8 ते 10 टन पाचट निघते व त्यात अर्धा टक्का नत्र असते. म्हणजे 10 टनांमागे 50 किलो नत्र. काडी लावल्यावर यातील बहुतेक नत्र धुराबरोबर निघून जाते, आणि नंतर आपण युरियाच्या पोत्यासाठी सोसायटीत रांग लावतो!

ऊस तुटल्यावर पाचट सरीत सारखे पसरून दाबावे. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत, म्हणजे फुटवा जमिनीतून जोमदार येतो. दर टन पाचटास 8 किलो युरिया व 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाकावे, 1 किलो पाचट कुजविणारे जिवाणू कुजलेल्या शेणखतात मिसळून पसरावेत व पाणी द्यावे. पहिले पाणी हळू चढते. पुढे आच्छादनामुळे ओल टिकते व तणही कमी येते.

स्वयंपाकघरातील चुलीचा प्रश्न मात्र पाचटाइतका सोपा नाही. ग्वाटेमालात धुराडे असलेल्या चुली देऊन केलेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2011 मध्ये आले, बालकांतील गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. परंतु पुढे भारतासह चार देशांत गॅस पुरवून पाहिले, तेव्हा न्यूमोनियात स्पष्ट घट दिसली नाही. शेगडी बदलली तरी बाहेरून येणारा धूर व इतर कारणे उरतातच. तरीही तान्ह्या मुलास पाठीशी किंवा मांडीवर घेऊन चुलीपुढे बसू नये, आणि कोपीत चूल पेटवू नये.

मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांहून लहान बाळास 60, एक वर्षाच्या आतील बाळास 50 व एक ते पाच वर्षांच्या मुलास 40 किंवा अधिक श्वास भरल्यास, अथवा श्वास घेताना पोट उडून छातीचा खालचा भाग आत ओढला जात असल्यास, तोड चालू असली तरी त्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.