स्लाव्ह आणि यूरेशियाई विद्या : अभ्यासकास वाव कोठें?

गेल्या उन्हाळ्यांत एक तरुण माझ्याकडे आला. त्यानें रशियन भाषेच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. गुणही चांगले मिळाले होते. मुद्रा मात्र खिन्न. "सर, तीन वर्षें ह्या भाषेंत घातलीं. आतां तिकडे युद्ध चाललें आहे, अमेरिकेंतल्या संस्था बंद पडत आहेत असें वाचतों. घरचे म्हणतात, हें सोड आणि जर्मन घे. तुम्ही सांगा, सोडूं का?" त्या दिवशीं मी त्यास नीट उत्तर देऊं शकलों नाहीं. आज ह्याच विषयावर चार शब्द बोलावयाचे आहेत, तेव्हां तो तरुण समोर बसला आहे असें धरूनच बोलतों.

प्रथम नांवाचा घोळ निस्तरूं. स्लाव्ह म्हणजे रशियन, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. वस्तुतः पूर्वेकडे रशियन, युक्रेनी व बेलारूसी. पश्चिमेकडे पोलिश, झेक व स्लोव्हाक. आणि दक्षिणेकडे बल्गेरियन, सर्बियन, क्रोएशियन, स्लोव्हेनी, मॅसिडोनियन वगैरे, असा हा मोठा परिवार आहे. 'यूरेशियाई' हा शब्द मागाहून जोडला गेला. त्यामुळें कॉकेशस पर्वताकडील जॉर्जिया, आर्मेनिया आणि मध्य आशियांतील कझाखस्तान, उझबेकिस्तान इत्यादि देश ह्या विद्येच्या कक्षेंत आले; त्यांच्या भाषा मात्र ह्या कुळांतल्या नव्हेत. ज्यानें शाळेंत संस्कृताची शब्दरूपावली घोकली आहे, त्यास स्लाव्ह व्याकरणाचें भय वाटण्याचें कारण नाहीं. रशियनमध्यें विभक्ति सहा, पोलिश व झेकमध्यें संबोधन धरून सात. आणि 'देवः देवौ देवाः' म्हणतांना जें द्विवचन आपणांस छळीत असे, तें स्लोव्हेनी लोकांच्या तोंडीं आजही जिवंत आहे. आपला अग्नि तिकडे 'ओगोन्', द्वार तें 'द्वेर्', नभ तें 'नेबो'. इंग्रजीवर पोसलेला विद्यार्थी जेथें ठेंचाळतो, तेथें आपला विद्यार्थी ओळखीच्या वाटेनें जातो.

ह्या विद्येचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट चटकन् ध्यानांत येते. तिचीं आसनें राजकारणाच्या वाऱ्यानें मांडलीं गेलीं आणि त्याच वाऱ्यानें हाललीं. पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्यें १८४० सालीं स्लाव्ह साहित्याचें अध्यासन निघालें व त्यावर परागंदा पोलिश कवि आदाम मित्स्किएविच याची नेमणूक झाली. चार वर्षांत सरकारनें त्याचीं व्याख्यानें बंद केलीं. लंडनच्या किंग्ज कॉलेजांत १९१५ सालीं, पहिलें महायुद्ध ऐन भरांत असतां, स्लाव्ह अध्ययनाची शाळा उघडली. तिचें उद्घाटनाचें व्याख्यान मासारिक यांनीं दिलें, जे पुढें झेकोस्लोव्हाकियाचे पहिले अध्यक्ष झाले. तीच संस्था १९९९ पासून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत आहे. अमेरिकेंत कोलंबिया येथील संशोधनसंस्था १९४६ ची व हार्वर्ड येथील १९४८ ची. शीतयुद्धाची चाहूल लागतांच दोन्ही निघाल्या. १९५७ मध्यें स्पुट्निक आकाशांत गेला, आणि पुढच्याच वर्षीं अमेरिकन सरकारनें कायदा करून परकी भाषांच्या शिक्षणाकडे पैसा वळविला. १९९१ त सोव्हिएत संघ मोडला, तसा हा उत्साहही ओसरला. २०२५ सालीं वॉशिंग्टनच्या विल्सन केंद्राचें कामकाज सरकारी आज्ञेनें जवळजवळ थांबलें. १९७४ पासूनची केनन संस्था त्याच छत्राखालीं होती. तेव्हां माझ्या तरुण मित्रास जी आपत्ति अपूर्व वाटते, ती ह्या विद्येच्या अंगवळणीं पडलेली आहे. शिष्यवृत्त्या येतात आणि जातात. त्यांवर नजर जरूर ठेवावी, पण सारा बेत एकाच थैलीवर बांधूं नये.

आरंभ घरींच होऊं शकतो. पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटमध्यें विद्यापीठाचा परकी भाषांचा विभाग आहे, तेथें रशियन शिकवितात. मुंबई विद्यापीठांतही रशियनचा विभाग आहे. पुढील अभ्यासास दिल्ली गांठावी. १९६५ सालीं निघालेली रशियन अध्ययनाची संस्था पुढें तेथील जवाहरलाल नेहरू विद्यापीठांत सामील झाली. पण माझ्या मतें अधिक मोलाचा, आणि कमी लोकांस माहीत असलेला, विभाग दिल्ली विद्यापीठाचा होय. रशियनबरोबरच पोलिश, झेक, बल्गेरियन, क्रोएशियन, आणि स्लाव्ह नसूनही शेजारधर्मानें आलेली हंगेरियन, इतक्या भाषांचे वर्ग तेथें चालत आले आहेत. ह्या लहान भाषांच्या वर्गांत गर्दी नसते, आणि शिष्यवृत्तीची पहिली बातमी बहुधा त्यांच्या शिक्षकाकडूनच कळते.

दुसरी भाषा कशाला, असें कोणी विचारील. घराजवळचेंच उदाहरण देतों. कोल्हापूरशेजारीं वळीवडे येथें १९४३ ते १९४८ ह्या काळांत सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बहुतेक बायका व मुलें. १९४०-४१ मध्यें सोव्हिएत सरकारनें पूर्व पोलंडांतून अशा कुटुंबांस उचलून सैबेरिया व कझाखस्तान ह्या भागांत नेऊन टाकलें होतें. १९४१ च्या करारानें सुटका झाल्यावर तीं इराणमार्गें हिंदुस्थानांत आलीं. वळीवड्यास त्यांच्या शाळा उभ्या राहिल्या, चर्च उभें राहिलें, बालवीरांचीं पथकें निघालीं. आतां ह्या वसाहतीचा इतिहास लिहावयाचा म्हटला तर काय काय लागेल तें पाहा. कोल्हापूर संस्थानचे कागद मराठींत व इंग्रजींत. निर्वासितांचीं पत्रें व आठवणी पोलिशमध्यें. हद्दपारीचे हुकूम रशियनमध्यें. आणि परागंदा पोलिश सरकारचीं दप्तरें लंडनच्या सिकोर्स्की संग्रहालयांत. वॉर्साच्या संशोधकास मराठी येत नाहीं, आमच्या संशोधकास पोलिश येत नाहीं. ह्या मधल्या रिकाम्या जागेंत जो उभा राहील, त्याच्या अर्जास प्रतिस्पर्धी कितीसे असणार? अशीच दुसरी जागा त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन याच्या प्रवासवृत्तान्ताची. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो चौलास उतरला व जुन्नरास पावसाळाभर राहिला. त्याच्या जुन्या रशियनमध्यें तुर्की-फारसी वाक्यें मिसळलेलीं आहेत. जुन्नरच्या डोंगरांतला पाऊस अंगावर घेतलेल्या आणि फारसी जाणणाऱ्या वाचकास त्या पानांत पुष्कळ सांपडेल.

भाषा खरी रुळते ती तिच्या देशांत. प्राग येथील चार्ल्स विद्यापीठ १९५७ पासून व बर्नो येथील विद्यापीठ १९६८ पासून उन्हाळ्यांत स्लाव्ह अध्ययनाची शाळा भरवीत आलें आहे. पोलंडची 'नावा' ही शैक्षणिक देवघेवीची राष्ट्रीय संस्था २०१७ सालीं निघाली. परदेशांत पोलिश शिकणाऱ्यांस उन्हाळी वर्गाकरितां ती शिष्यवृत्ति देत आली आहे. अमेरिकेंत इंडियाना विद्यापीठाचा उन्हाळी भाषावर्ग १९५० पासूनचा, आणि विस्कॉन्सिन येथें कझाख, उझबेक, ताजिक ह्या भाषांचेही वर्ग भरत आले आहेत. पण तेथील सरकारी शिष्यवृत्त्या बहुतेक अमेरिकन नागरिकांपुरत्याच असतात. नागरिकत्वाचें हें कलम पुष्कळदां नियमपत्रकाच्या अगदीं शेवटीं दडलेलें असतें. तें पहिल्यानें वाचावें.

पदवी हातीं आली कीं पुढचा टप्पा दप्तरखान्यांचा. बुडापेस्ट येथील ओपन सोसायटी दप्तरखान्यांत रेडिओ फ्री यूरोप ह्या नभोवाणीच्या संशोधन विभागाचे कागद ठेवलेले आहेत. शीतयुद्धाच्या काळांत ह्या विभागाचे लोक पूर्व यूरोपांतील वर्तमानपत्रें कातरून ठेवीत, तिकडील नभोवाण्यांवरचें बोलणें ऐकून टिपून घेत. त्या वेळीं जें रोजचें कारकुनी काम होतें, तें आज इतिहासाचें साधन झालें आहे. मायक्रोफोनपुढें बसून हें सांगतांना मला जरा मौज वाटते. आपलें हवेंत विरून जाणारें भाषण विरुद्ध पक्षाचा कोणी इतक्या निष्ठेनें उतरून घेत असेल, हें त्या वक्त्यांच्या स्वप्नींही नसेल. विशेग्राद निधीच्या साहाय्यानें तेथें दोन महिने राहून काम करण्याची शिष्यवृत्ति दिली जात आली आहे. पोलंड, झेकिया, स्लोव्हाकिया व हंगेरी ह्या चार देशांच्या अर्जदारांस झुकतें माप असतें, पण इतरांस दार बंद नाहीं.

रशियांतील दप्तरें २०२२ नंतर पाश्चात्त्य संशोधकांस दुरावलीं, तेव्हां त्यांचें लक्ष विल्नियस, तिबिलीसी, अल्माटी ह्या शहरांकडे वळलें. युक्रेननें तर २०१५ च्या कायद्यानें सोव्हिएत गुप्त पोलिसांचें दप्तर अभ्यासकांस मोकळें केलें. मात्र युद्धाच्या छायेंत कोणास कीव्हची वाट दाखविण्याचें धाडस मी करणार नाहीं. घरबसल्या होणारी एक सोयही सांगून ठेवतों. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या ग्रंथालयांत स्लाव्ह विषयांतील शंका सोडविणारा एक विभाग आहे. अमुक दुर्मिळ ग्रंथ कोठें मिळेल, तमुक मासिकाचे जुने अंक कोणाकडे आहेत, असें अभ्यासकांनीं विचारावें आणि ग्रंथपालांनीं शोधून कळवावें, असा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. मोबदला ते मागत नाहींत. ज्यांचें थोडेंफार लेखन प्रसिद्ध झालें आहे त्यांनीं जपानांतील साप्पोरो विसरूं नये. होक्काइदो विद्यापीठाचें स्लाव्ह-यूरेशियाई संशोधनकेंद्र परदेशी विद्वानांस कांहीं महिने पाहुणे म्हणून बोलावीत आलें आहे. स्लाव्ह नसलेल्या आशियाई देशानें ही विद्या कशी वाढविली, हें आपण तेथें पाहण्यासारखें आहे.

अमेरिकेंतील ह्या विद्येची मुख्य विद्वत्सभा १९४८ ची. तिच्या २०२३ च्या वार्षिक संमेलनाचा विषय होता 'वसाहतवादाच्या पकडींतून सुटका'. युक्रेन किंवा उझबेकिस्तान यांचा इतिहास मॉस्कोच्या खिडकींतूनच कां पाहावा, हा त्या चर्चेचा रोख. राज्यकर्त्यांनीं लिहिलेल्या इतिहासाशीं झुंजण्याची आपली परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. ह्या वादांत आपल्या अभ्यासकानें नुसतें श्रोता म्हणून बसावें असें मला वाटत नाहीं.

राहतां राहिला खुद्द रशिया. तिकडे आपल्या विद्येचा मान जुना आहे. संस्कृताचा मोठा जर्मन कोश १८५५ ते १८७५ ह्या काळांत सेंट पीटर्सबर्ग येथेंच छापला गेला, आणि गोमंतकांत जन्मलेले धर्मानंद कोसंबी १९२९ सालीं पाली शिकविण्यास लेनिनग्राडला गेले होते. रशियन सरकार परदेशी विद्यार्थ्यांकरितां दरवर्षीं कांहीं जागा राखून ठेवतें. त्यांत शिक्षणशुल्क माफ असतें व थोडें विद्यावेतन मिळतें. प्रवासखर्च ज्याचा त्यानें करावा. भाषा येत नसल्यास एक वर्ष तयारीचें. चौकशी मुंबईस पेडर रोडवरील रशियन भवनांत करावी. मध्यें दलाल नको, हें मी आग्रहानें सांगतों. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या आमिषानें नेलेल्या कित्येक भारतीय तरुणांस युद्धाच्या आघाडीवर धाडल्याचें २०२४ सालीं उघड झालें आहे.

आणखी एक गोष्ट कागदावर लहान दिसते, परिणामीं मोठी आहे. रशियानें २०१५ च्या कायद्यान्वयें कित्येक परदेशी संस्थांस 'अनिष्ट' ठरविलें आहे. त्यांत अमेरिकेंतील बार्ड कॉलेज २०२१ सालीं आलें व येल विद्यापीठ २०२५ सालीं. अशा संस्थेच्या कामांत भाग घेणें हा तेथील कायद्यानें गुन्हा होतो. म्हणजे एका दाराची किल्ली घेतली कीं दुसरें दार आपोआप लागण्याचा संभव आहे. कोणतें दार हवें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. पण किल्ली हातीं घेण्यापूर्वीं ठरवावें.

त्या तरुणास मीं मागाहून पत्र लिहिलें. जर्मन शिकावयाची तर अवश्य शीक, कारण ह्या विद्येचे जुने ग्रंथ पुष्कळ त्या भाषेंत आहेत. रशियन सोडूं नकोस. आणि वळीवड्याच्या कागदांचा विचार कर, असें त्यांत लिहिलें होतें. त्याचें उत्तर आलें तें एकाच ओळीचें : "पोलिशच्या उन्हाळी वर्गाचे अर्ज केव्हां घेतात?" बहुतेक ठिकाणीं हिवाळ्यांतच घेतात, असें मीं त्यास कळविलें आहे.