शेजाऱ्याच्या पानावरचा इतिहास

१५ ऑगस्ट हा दिवस जपानमध्ये युद्धात मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ गांभीर्याने पाळला जातो. त्याच दिवशी दक्षिण कोरियात मुक्तिदिनाचा उत्सव असतो. निमित्त एकच : १९४५ सालची जपानची शरणागती. परंतु जपानी शाळकरी मुलाच्या मनात त्या दिवसासमवेत हिरोशिमा आणि नागासाकी येथील संहार उभा राहतो; त्याच्या कोरियन समवयस्कास मात्र १९१० पासूनची पस्तीस वर्षांची जपानी राजवट आठवते. दोघे शिकले ते असत्य नव्हे; ते अपुरे आहे. शेजारी राष्ट्राविषयीचा आकस धादांत असत्यापेक्षा या अपुरेपणावरच अधिक पोसला जातो.

या अपुरेपणाविरुद्धचा झगडा जपानमध्येही झाला. इतिहासकार साबुरो इएनागा यांनी सरकारी पाठ्यपुस्तक-तपासणीविरुद्ध १९६५ मध्ये आरंभिलेली न्यायालयीन लढाई १९९७ पर्यंत चालली. सर्वोच्च न्यायालयाने तपासणीची पद्धत वैध ठरविली. तथापि लष्कराच्या ७३१ क्रमांकाच्या पथकाने माणसांवर केलेल्या प्रयोगांचा उल्लेख गाळावयास लावणे बेकायदा ठरविले. दरम्यान १९८२ मध्ये चीन व दक्षिण कोरिया यांच्या निषेधानंतर, शेजारी देशांशी संबंधित अर्वाचीन घटना मांडताना आंतरराष्ट्रीय सामंजस्याचे भान ठेवावे, अशी तरतूद तपासणीच्या निकषांत करण्यात आली. तरीही २००१ मध्ये एका नव्या पाठ्यपुस्तकावरून दक्षिण कोरियाने आपला राजदूत काही काळ माघारी बोलाविला. ते पुस्तक जपानमधील शेकडा एक विद्यार्थ्याच्याही हाती पडले नव्हते, ही गोष्ट वादाच्या भरात बाजूलाच राहिली.

इतिहास हा परीक्षेपुरता विषय आहे, असे मानणाऱ्यांनी पुढील घटनाक्रम ध्यानात घ्यावा. ऑक्टोबर २०१८ मध्ये दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने युद्धकालीन सक्तमजुरीबद्दल एका जपानी कंपनीस भरपाई देण्याचा आदेश दिला. जुलै २०१९ मध्ये जपानने सुरक्षिततेचे कारण देऊन, सेमीकंडक्टर उद्योगास लागणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. कोरियन ग्राहकांनी जपानी मालावर बहिष्कार घातला. जपानी अंमल ज्यांनी पाहिलाही नव्हता, असे असंख्य लोक त्यात होते. ते निर्बंध उठावयास २०२३ साल उजाडले. वर्गात तयार झालेली मनोवृत्ती अशी व्यापारापर्यंत पोहोचते.

राष्ट्राराष्ट्रांतील कलहाचे मूळ सत्तास्पर्धेत आणि सीमावादात असते, पुस्तकात नसते, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो अंशतः खरा आहे. पण तडजोडीची वेळ येते तेव्हा शासनाला जनमताची किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत किती असेल हे बव्हंशी शाळेत ठरून गेलेले असते.

फ्रान्स आणि जर्मनी यांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. १८७० ते १९४५ या काळात हे देश तीनदा एकमेकांशी लढले. १९६३ च्या एलिझे करारास चाळीस वर्षे झाली तेव्हा, २००३ मध्ये, बर्लिनमध्ये भरलेल्या उभय देशांच्या युवक संसदेने समान इतिहास-पुस्तकाची मागणी केली. २००६ मध्ये त्याचा पहिला खंड दोन्ही भाषांत निघाला. जेथे दृष्टिकोन भिन्न आहेत, तेथे ती भिन्नता झाकलेली नाही. अर्थात हे एका दिवसात घडले नाही. दोन्हीकडील इतिहासकारांची बोलणी १९५१ पासूनची आणि कोळसा व पोलाद यांचा समाईक व्यवहारही त्याच वर्षीचा. २००५ मध्ये जपान, चीन व दक्षिण कोरिया येथील अभ्यासक आणि शिक्षकांनीही एक समाईक पुस्तक सिद्ध केले. परंतु त्याच्या पाठीशी शासने नव्हती.

भारतीय उपखंडात हा प्रश्न अधिकच बिकट आहे. पाकिस्तानात १४ ऑगस्ट हा स्वातंत्र्यदिन. भारतात २०२१ पासून तोच दिवस फाळणीच्या यातनांचे स्मरण म्हणून पाळला जातो. प्रा. कृष्णकुमार यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दोन्ही देशांच्या पाठ्यपुस्तकांतील स्वातंत्र्यलढ्याची तुलना केली आहे. एकाच लढ्याच्या दोन कथा झाल्या आहेत : एकीचा शेवट हानीत होतो, दुसरीचा प्राप्तीत. समान पुस्तकाची अपेक्षा येथे आज अवास्तव ठरेल. परंतु शेजाऱ्याच्या पुस्तकातील ते एक पान आपल्या वर्गात वाचून दाखविण्यास कोणत्याही कराराची आवश्यकता नाही. त्याने मुलांचे देशप्रेम उणावेल, ही भीती निराधार आहे. आपल्या इतिहासावर विश्वास असणाऱ्यास दुसऱ्याची बाजू ऐकण्याचे भय वाटण्याचे कारण नाही.