माहेरी परतलेली लेक कोणत्या रकान्यात?

जनगणनेचा माणूस दारात येतो. घरातल्या माणसांची नावे, वये लिहून घेतो आणि विचारतो, "मुलीचं लग्न झालंय का?" माहेरी येऊन चार वर्षे झालेली लेक आतल्या खोलीत असते. आई घाईघाईने सांगते, "झालंय हो! सध्या इथंच असते." आणि ती 'विवाहित' म्हणून लिहिली जाते.

अशी लेक कोणाच्या ओळखीत नाही? "हल्ली घटस्फोट फार वाढले बाई," असे आपण हळदीकुंकवाला बसल्या बसल्या म्हणतो. पण आकडे निराळेच सांगतात. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित स्त्रिया होत्या सुमारे ९ लाख. आणि घटस्फोट न होता नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या? सुमारे २३ लाख ७० हजार! म्हणजे अडीच पटींहून जास्त. दारात खरे न सांगितलेल्या त्याहून वेगळ्या.

पुरुषांचे आकडे पाहा. घटस्फोटित साडेचार लाख, वेगळे राहणारे साडेअकरा लाखांच्या आसपास. दोन्हीकडे बायकांच्या निम्मेच. संसार मोडतो तेव्हा एकटी माणसे दोन होतात ना? मग बाकीचे पुरुष गेले कोठे? पुष्कळांनी दुसरा संसार मांडला असणार. बाई मात्र वाट पाहत बसते.

आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न नवा नाही. १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली होती. तरीही "थोडं थांब, तो येईल न्यायला" हे वाक्य घरोघर अजून तसेच आहे. आणि या थांबण्यातच बाईचे सर्वांत मोठे नुकसान होते.

पहिली गोष्ट, पोटगी मागायला घटस्फोट व्हावाच लागतो असे नाही. पूर्वी फौजदारी संहितेच्या १२५ व्या कलमाखाली पोटगी मिळे. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे. ती सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. अर्ज आपण जेथे राहतो, म्हणजे माहेरच्या गावीही, करता येतो. पूर्वी महिना ५०० रुपयांची मर्यादा होती. ती २००१ साली उठली. शिवणकाम, शिकवण्या करून चार पैसे मिळतात, एवढ्यावरून हक्क जात नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितले, की पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी. निकाल उशिरा लागला तरी पैसे मागच्या तारखेपासून. पण अर्जच तीन वर्षे केला नाही तर? महिना ५,००० रुपये धरले तरी १ लाख ८० हजार रुपये हातचे गेले! त्याच निकालाने दोघांनीही आपले उत्पन्न आणि मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायची आहे. "मला पगारच कमी आहे" असे नुसते तोंडाने म्हणून भागत नाही.

तिसरी गोष्ट फार जपण्याची. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसतात आणि स्टँपपेपरवर लिहून घेतात, "आम्ही राजीखुशीने वेगळे राहतो." सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवा. परस्परांच्या संमतीने वेगळे राहणाऱ्या पत्नीला या कलमाखाली पोटगी मिळत नाही! सबळ कारण नसताना नांदायला नकार दिला तरीही नाही. म्हणून घर का सोडावे लागले याचे कागद, पत्रे, मोबाईलवरचे निरोप, दवाखान्याची चिठ्ठी जपून ठेवा.

मुलांचे काय? हिंदू कायद्यात १९५६ पासून तरतूद आहे, की ५ वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे. पुढे न्यायालय मुलाचे हित पाहते. कोणाची कमाई जास्त एवढ्यावर ताबा ठरत नाही. मुलाची पोटगी हा मुलाचा स्वतंत्र हक्क आहे. रागाच्या भरात "तुझा एक पैसाही नको" म्हणताना त्याच्या शाळेची फी डोळ्यांपुढे आणा.

हुकूम झाला तरी पैसे येईनात, तर वसुलीचा अर्ज एक वर्षाच्या आत करायचा असतो. हे विसरू नका.

आणि खर्च? १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. जाताना लग्नाचे फोटो, लग्नपत्रिका, मुलांचे जन्मदाखले, बँकेचे पासबुक आणि नवऱ्याच्या नोकरीचा पत्ता एका पिशवीत घालून न्या.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण पोटगीचा अर्ज म्हणजे भांडण नव्हे. आपल्या आणि मुलांच्या दोन घासांची ती तजवीज आहे. अर्ज केला म्हणून समेटाचे दारही बंद होत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, शेजारची लेक माहेरी परतली असेल तर "कधी जाणार सासरी?" असे विचारू नका. "अर्ज केलास का गं? मी येते तुझ्याबरोबर," एवढेच म्हणा. आणि पुढच्या जनगणनेचा माणूस दारात आला, तर आईने घाई करू नये. लेकीलाच बाहेर बोलवावे. आपला रकाना तिने स्वतः सांगावा.